बटण बंद, गाडी फुल

आधीच सांगते, मी फार्मसिस्ट आहे. नजर, अमावस्या, अंगात येणं असल्या गोष्टी कुणी काढल्या की मी सरळ चहा टाकायला उठते. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचूनसुद्धा "काहीतरीच हं!" असंच म्हणायचे. पण हा माझ्याच घरात घडलाय, लंडनमध्ये एजवेअरला, दोन हजार आठ-नऊच्या हिवाळ्यात... त्याला मी काय करू?

तेव्हा आमच्याकडे एक चिमुकली इलेक्ट्रिक गाडी होती. माझा नवरा मिलिंद साउथहॅम्प्टनला डॉक्टर, त्यामुळे मोठी गाडी आठवडाभर त्याच्याकडे. ही माझी, दुकानात जायला. स्वयंपाकघरातल्या एक्स्टेन्शनवरून खिडकीबाहेर वायर काढायची आणि रात्रभर चार्जिंगला लावायची. पण थंडी पडली की बाईसाहेबांचे नखरे सुरू! रात्रभर लावूनही काटा जेमतेम अर्ध्यावर.

त्या दिवशी सकाळपासून बर्फ. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा काटा लाल पट्ट्यात. वायर लावली, आत आले, तर फोन... सासूबाईंची धाकटी बहीण, कुसुममावशी, लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला, इल्फर्डला हॉस्पिटलात. सकाळी मोठं ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. आईंचा (सासूबाईंना मी आईच म्हणते) चेहरा पांढराफटक पडला.

"वैशाली, मला तिला बघायचंय गं. ऑपरेशनच्या आधी."

"सकाळी लवकर निघू, आई. गाडी लावलीय चार्जिंगला."

मिलिंद तिकडे अडकलेला, मिनीकॅबवाल्यांनी कानावर हात ठेवलेले, ट्यूब रेल्वेचा भरवसा नाही आणि आईंचे गुडघे हे असे. सगळी भिस्त त्या गाडीवर. तर आईंनी काय करावं? आपली जाड गोधडी नेऊन बॉनेटवर पांघरली! "तिलाही थंडी वाजत असेल," म्हणाल्या. मला हसू आलं, पण म्हटलं असू दे.

सकाळी आई माझ्याआधी दाराशी बूट घालून तयार. मी दूध गरम करायला गेले तर मायक्रोवेव्ह बंद. घाईत लक्ष दिलं नाही. वायर काढली, काच खरवडली, आत बसले... काटा फुल!! थंडीत असं कधीच झालं नव्हतं. हीटर लावून, गोगलगायीसारखे रांगत, आम्ही इल्फर्डला पोचलो.

"ताई, एवढ्या बर्फात कशाला आलीस गं? पडली असतीस म्हणजे!" मावशी रागावल्या, आणि न्यायला माणसं आली तरी आईंचा हात सोडेनात. त्या ऑपरेशनमधून मावशी उठल्या नाहीत.

गाडी तिकडेच ठेवून चार-पाच दिवसांनी मिलिंदबरोबर परतलो. स्वयंपाकघरात पाऊल टाकते तो काय, एक्स्टेन्शनचं भिंतीवरचं बटण बंद! मायक्रोवेव्हही त्याच्यावरच, म्हणून सकाळी चालला नव्हता.

"आई, हे कुणी बंद केलं?"

झोपण्याआधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची, हा आईंचा नेम. वीज वाया जाते ना! त्या रात्री डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हातांना सवय. बहिणीचा विचार करत करत त्यांनी तेही बंद केलं होतं.

मग गाडी चार्ज झाली कशी?

मिलिंद म्हणतो, काटा चुकला असेल. अरे, काटा चुकेल, पण चाकं? लाल पट्ट्यावर ही गाडी इल्फर्ड काय, आमच्या कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत धड जात नाही. "आईंच्या गोधडीची कमाल" म्हणणाऱ्यांनाही सांगते, गोधडीनं ऊब टिकते, वीज येत नाही! पुढच्या थंडीत मिलिंदनं सगळं करून पाहिलं. बटण बंद, गोधडी घालून, न घालता. काटा सकाळी जिथल्या तिथे, लालमध्येच. मी रोज उठून खिडकीतून बघायचे, खोटं कशाला बोलू?

आईंना मात्र त्या दिवशी यातलं काहीच सुचलं नाही. बटणाकडे बघत त्या खुर्चीत मटकन बसल्या. "माझ्याच हातानं बंद केलं गं मी... ती वाट बघत गेली असती." आणि अशा रडल्या, मावशी गेल्या तेव्हाही रडल्या नव्हत्या इतक्या.

मी त्यांना जवळ घेतलं. "पण पोचलात ना तुम्ही, आई," एवढंच म्हणता आलं. कशा पोचलो, ते मला आजही माहीत नाही.