बरडावरचा निवारा

गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नव्याने करा असं तहसीलमधून कळवलं गेलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. ग्रामपंचायतीत सदस्य पुष्कळ, पण देवळीच्या कॉलेजात जाऊन बी.ए. झालेली मी एकटी. जुना आराखडा उघडला तर पुराच्या वेळचा निवारा म्हणून त्यात देवळाचा सभामंडप लिहिलेला. आदल्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी सगळ्यात आधी शिरलं होतं ते त्याच सभामंडपात. दरवर्षी वरचं साल तेवढं बदलायचं आणि खालचं तसंच ठेवायचं, अशी आमची रीत. मी ग्रामसेवकाला त्यावरून चार शब्द सुनावले. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

बैठकीला तहसीलमधून एक तरुण अधिकारी आली होती, बाहेरच्या जिल्ह्यातली. तिने साधाच प्रश्न विचारला, की गावात सगळ्यात उंच जागा कोणती. उत्तर प्रत्येकाला ठाऊक होतं. आमचे वाडवडील नाल्याकाठच्या काळ्या जमिनीजवळ घरं बांधून बसले, आणि ज्यांना त्यांनी गावाबाहेर ठेवलं त्यांच्या वाट्याला बरड आलं, म्हणजे खडकाळ, काही न पिकणारा चढ. पुढे ती माणसं बौद्ध झाली, शिकली, आणि त्यांच्या नातवंडांनी त्या चढावर विहार बांधला. पक्क्या स्लॅबचा, मागे स्वयंपाकाची खोली, बोअरचं पाणी. बुडणाऱ्या गावाला पाणी न पोचणारी जागा तेवढी एकच होती, आणि आम्ही सगळे मूग गिळून छताच्या पंख्याकडे बघत होतो. मीसुद्धा.

शेवटी बरडावरच राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या खुर्चीवरून बोलले. त्यांना गाव साहेब म्हणतं. त्यांच्या वयाच्या बाकी सगळ्यांना मी काका म्हणते.

"आमच्या विहारात या ना," ते म्हणाले. "जागा हाये, पानी हाये, छत पक्कं हाये."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात माझे चुलत सासरे खाकरले.

"ते सारं ठीक हाये. पन तिथं सयपाक कोन करन?"

प्रश्न स्वयंपाकाचा नव्हता हे त्या अधिकारी मुलीखेरीज सगळ्यांना कळलं. ती बिचारी उत्साहाने म्हणाली, तिथल्याच बचत गटाला काम देता येईल. कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. चुलत सासरे नुसते माझ्याकडे बघत राहिले. लिहिणारी घरातलीच सून होती, तेव्हा त्यांना तोंड उघडायची गरज नव्हती.

मी काय लिहिलं ते सांगायला जीभ रेटत नाही. निवारा विहारात, आणि जेवण गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरातून. शाळा नाल्याला लागून आहे. म्हणजे पूर आला की माणसं बरडावर जाणार, आणि त्यांचं जेवण बुडालेल्या शाळेत शिजून पाण्यातून वर येणार. हे मी शुद्ध मराठीत, वळणदार अक्षरात लिहिलं. ग्रामसभेत मसुदा वाचून झाल्यावर साहेब माझ्याजवळ आले आणि त्यांनी हळूच विचारलं, पूर आल्यावर जेवण येणार कसं. बघू, काहीतरी सोय होईल, असं मी म्हटलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्याच पावसाळ्यात नाला चढला. रात्रभर पाऊस पडत होता, सकाळी पाणी देवळाच्या पायरीला लागलं आणि ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. सासूबाईंना साखरेचा आजार आहे. त्यांनी सकाळची गोळी घेतली होती, पण पोटात काही जायच्या आतच आम्हाला निघावं लागलं. बरड चढून गेलो तर विहारात सतरंज्या अंथरून तयार. साहेबांच्या पत्नी दारात उभ्या राहून एकेकाला कोरडा टॉवेल देत होत्या.

दुपार झाली. शाळेतून जेवण आलं नाही, येणार तरी कुठून, तिच्या खिडक्यांपर्यंत पाणी होतं. विहारामागे मात्र मोठ्या गंजात खिचडी शिजली होती. साहेबांच्या पत्नी स्वतः वाढायला आल्या. लहान पोरांनी ताटं पुढे केली आणि दुसऱ्यांदा मागून खाल्लं. मोठ्यांपैकी निम्म्यांचा एकाएकी उपास निघाला. तो कोणता उपास होता हे मला अजून समजलेलं नाही. चुलत सासरे भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मले भूक नाई."

जेवा, एवढा एक शब्द मी बोलायचा होता. बोलले नाही. सासू उपाशी असताना सुनेने कसं खायचं, असं म्हणून मीही ताट घेतलं नाही. चालीरीतीआड लपणं मला फार चांगलं जमतं.

तासाभरात सासूबाईंना दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले, मी कोण तेही त्यांना ओळखू येईना. साखर उतरली होती. मी पदराने वारा घालत बसले. वाऱ्याने साखर चढत नाही हे मला चांगलं माहीत होतं. खिचडीचा गंज हाकेच्या अंतरावर होता. तशातही मी आधी चुलत सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच.

साहेबांच्या पत्नी लगबगीने आल्या आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. त्यांच्या हातात ताट नव्हतं. त्यांनी पदराच्या टोकात बिस्किटांचा एक पुडा धरून आणला होता. मागच्या खोलीत अशा पुड्यांचा अख्खा खोका होता. माझा मसुदा ग्रामसभेत वाचला गेला, त्याच आठवड्यात त्यांनी तो देवळीहून आणून ठेवला होता, हे मला मागाहून कळलं.

त्यांनी पदर सैल करून पुडा माझ्या मांडीवर पडू दिला.

"तुमीच फोडा, ताई," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "बंद हाये. आमचा हात नाई लागला."

मी पुडा फोडला.