शेवटच्या खिडकीचा टोल

टोलनाका दिसायला लागला की माझा ड्रायव्हर पुंडलिक गाडी कडेला घ्यायचा, आरसा स्वतःकडे वळवायचा आणि केस विंचरायचा. मग खिशातून कोरी नोट काढून सगळ्यात शेवटच्या, रोख पैसे घेणाऱ्या खिडकीच्या रांगेत शिरायचा. शेजारच्या रांगांतून काचेवर फास्टॅग लावलेल्या गाड्या भराभर निघून जात. आम्ही उन्हात उभे.

डिसेंबरात तुम्ही मुलं भाड्याची गाडी घेऊन माझ्याकडे रामनगरला येणार आणि टोलला टॅग बरा की रोख, असं विचारलंत. उत्तर सोपं आहे. टॅग. वेळ वाचतो, आणि रोख देणाऱ्याला दुप्पट पैसे भरावे लागतात. पण हे लिहिताना मला पुंडलिक आठवला. तुम्ही त्याला पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो तुम्हाला आवडला असता, म्हणून सगळंच सांगते.

तो जवळच्या गुंद गावचा. जन्मभर लाकडाचे ट्रक चालवून उतारवयात माझ्याकडे आला. डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी मला दर महिन्याला बेळगावला न्यायचा. वळणावर माझ्या मांडीवरची पर्ससुद्धा हलत नसे. रस्त्यात म्हैस बसलेली असली तर हॉर्न न वाजवता थांबायचा. "तिला काय घाई न्हाई, आपल्याला तरी कशाला अक्का?" दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझा हात असा धरायचा की पोटच्या मुलानेही धरला नसता.

"दुप्पट कशाला भरतोस?" मी एकदा विचारलं.

"वरचं पैसं मी घालतोय की. यंत्र गुपचूप काढून घेतंय, अक्का. माणूस देतोय म्हटल्यावर घेणाऱ्याला हात पुढं करावा लागतोय."

मला ते जुन्या माणसाचं शहाणपण वाटलं.

खिडकीत तिशीतली एक बाई बसायची. पुंडलिक नोट दोन बोटांत धरून खिडकीपासून वीतभर लांबच ठेवायचा. तिला अर्धं अंग बाहेर काढून ती घ्यावी लागे. एकदा माझी काच खाली होती, तेव्हा मला ऐकू आलं.

"अप्पा, आई कशी हाय?"

"पावती," पुंडलिक म्हणाला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर एकदा चष्म्याचं घर शोधताना मला गाडीच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेला टॅग सापडला. काचेवरून सोलून काढलेला. काच बदलताना गेला, असं पुंडलिकने मला सांगितलं होतं.

मी तो त्याच्यापुढे धरला, तेव्हा त्याने काही लपवलं नाही. "सविता माझी एकलीच पोर. खानापूरकडच्या परजातीतल्या पोरासंगं पळून गेली. मी जितेपणी तिचं तेरावं घातलं, गाव जेवलं. आता मेलेली पोरगी महिन्याला एकदा माझ्याकडनं पैसं घेती. घेऊ दे."

"आणि तिची आई?"

"आईला मी सांगतोय, नाक्यावर दिसली न्हाई."

मी काय केलं, ते विचारा. काही नाही. आमच्या जोयडा तालुक्यात इतका चांगला ड्रायव्हर कुठे मिळतो? दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत बोलू नये, हे मला शाळेत इंग्रजीतून शिकवलं होतं आणि घरी मराठीतून. दोन्ही मला त्या दिवशी फार सोयीचं पडलं.

एप्रिलमध्ये पुंडलिकची बायको गेली. मुलगा नाही म्हणून अग्नी त्यानेच दिला. चौदाव्या दिवशी तो कामावर हजर झाला, तेव्हा भर उन्हाळ्यात डोक्यावर कान झाकणारी लोकरीची टोपी होती. नाका आला. विंचरायला केस नव्हते. मुंडण दिसू नये म्हणून त्याने आरशात बघून टोपी आणखी खाली ओढली.

"अप्पा, आई कशी हाय?"

"पावती."

ती टोपीकडे पाहत राहिली. मग तिने मागच्या सीटकडे पाहिलं. माझी काच खाली होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी पर्समध्ये रुमाल शोधला.

घरी आल्यावर मी नवा टॅग मागवला आणि स्वतः उभी राहून काचेवर चिकटवून घेतला. तिची कीव आली म्हणून नव्हे. मला ते पुन्हा बघायला नको होतं.

मे महिन्यात पुंडलिक सवयीने त्याच रांगेत शिरला. दांडा आपोआप वर गेला. तरी तो खिडकीपाशी थांबला आणि नोट धरलेला हात बाहेर काढला. या वेळी पुरता, थेट तिच्या काचेपर्यंत. सविताने हात पुढे केला नाही.

"टॅगनं कापलंय. पुढं घ्या गाडी."

"सविता," तो म्हणाला. ते नाव त्याच्या तोंडून बाहेर येताना अडखळलं. "तुझी आई..."

"टोपी घालून आलासा तवाच कळलं मला." तिने वाकून माझ्याकडे पाहिलं. "अक्का, तुमास्नीबी ठावं हुतं न्हवं?"

मी होय म्हणून मान हलवली. मागून हॉर्न वाजायला लागले.

"मागं गाड्या हायत," ती म्हणाली. पुंडलिकचा हात तसाच बाहेर होता. गाडी सुरू झाली तरी त्याने तो बराच वेळ आत घेतला नाही.

जूनपासून तो आला नाही. गुंदला असतो, बोलत नाही म्हणतात.

तुम्ही टॅग लावूनच या, मुलांनो. शेवटच्या खिडकीत सविता दिसली, तर रामनगरच्या अक्कांची नातवंडं आहोत, असं तिला सांगू नका.