पायऱ्यांविना उत्तरं
सरकीचा वास आला की मला सिंदीतली माझी नोकरीची पहिली शाळा आठवते. मागेच कापसातून सरकी काढायचं जिनिंग होतं आणि दिवाळीनंतर कापसाचे तंतू उडून थेट वह्यांवर बसत. पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. मी गणिताची नवी बाई होते. सहावीच्या चाचणीत एका मुलीची सगळी उत्तरं बरोबर होती, पण पायरी एकही लिहिलेली नव्हती. नक्कल केली असं समजून मी तिला शून्य दिलं. ती रडली नाही. टेबलाजवळ येऊन म्हणाली, "बाई, मले पायऱ्या लिहिता येत नाई, पण सांगता येते." मी विचारलं, "पाच अष्टमांश मोठा की पाऊण?" "पाऊण." "कशावरून?" "भाकरीचे आठ तुकडे केले तं पाऊण भाकर म्हंजे सहा तुकडे. पाच कमीच नं!" मी सगळ्यांसमोर ते शून्य खोडलं, पूर्ण गुण दिले आणि म्हटलं, "माझं चुकलं." ती हसली आणि शेजारणीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, हिलेबी विचारा नं, हिलेबी येते." मग मी एकेकीला जवळ बोलावत गेले. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. त्यानंतर तीस वर्षं पेपर तपासले, पण मुलांना काय येतं हे मला पहिल्यांदा त्या तासाला कळलं.