डाळ शिजवून घेतलेलं घर

सेलूत आम्ही घर घ्यायचं ठरवलं तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आमचे हे तहसिलीत कारकून होते. दिवसभर उर्दूत लिहून घरी आले की उसासेही उर्दूतच टाकायचे. ऐपतीत बसणारी घरं दोनच निघाली. एक स्टेशनाकडं, जिनिंगला लागून. विहीर गोड, पण हंगामात कापसाची धूळ थेट चुलीपर्यंत येणार. दुसरं गावाच्या आतल्या अंगाला, शांत, मोकळ्या हवेचं. तिथलं पाणी मात्र जड असल्याची कुजबुज होती.

सासूबाईंना दमा होता. जरा धूळ उडाली की त्यांना बसूनच झोपावं लागे. तरी त्याच हटून बसल्या, "गोड्या पान्याचं घ्या. मी काय, पिकलं पान. सून जल्मभर पानी वाहील का?" आमचं दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य; हा कळवळा ऐकून मला आधी संशयच आला.

शेवटी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं डाळीवर सोपवलं. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्या घराला हात लावायचा नाही. आतल्या घराच्या विहिरीचं पाणी आणून मी डाळ चुलीवर ठेवली. किती वेळ झाला तरी डाळ टणक ती टणकच. ओसरीवर सासूबाईंना खोकल्याची उबळ आली होती. थांबेचना. मी चिमूटभर पापडखार टाकला. डाळ लोण्यासारखी झाली. सगळ्यांनी चाखली, सासूबाईंनीही, आणि हे दुसऱ्या दिवशी विसार देऊन आले.

राहायला गेलो. पहिल्याच सकाळी मी घागर घेऊन गुपचूप स्टेशनाकडच्या विहिरीला निघाले, तर दारात सासूबाई.

"पापडखार घातला व्हतास."

मी घागर खाली ठेवली.

"पहिल्याच घासाला कळलं मला. पापड लाटन्यात जल्म गेला माझा. बोलनार व्हते. पर लय दिसांनी मोकळा श्वास मिळंल वाटलं, अन् जीभ रेटंना. तुझ्या डोक्यावर घागर दिसायलती, तरी घास गिळला म्या."

इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांच्यावर उपकार केल्याच्या तोऱ्यात होते. तो तोरा तिथंच गळाला. खरं सांगते, आधी रागच आला. मग त्यांनी माझ्या डोक्यावरची चुंबळ नीट केली.

"आज एकच खेप कर, माय," त्या म्हणाल्या.

मी दोन केल्या.