उलटी कांडी

आमच्या घरात एक पितळी फुलपात्र होतं आणि त्याच्या कडेला एकाच जागी, दाटीवाटीने, बारीक बारीक पोचे पडलेले होते... दुपारची तिरीप मधल्या खोलीत शिरली की ती चेपलेली कड तेवढी चकाकायची. ते पोचे पाडले होते अण्णांनी, माझ्या वडिलांनी. छातीच्या दुखण्याने ते अंथरुणाला खिळले आणि आवाज इतका बसला की तोंडाशी कान नेल्याशिवाय बोलणं कळेना. तेव्हापासून काही हवं असलं की ते उशाच्या भिंतीवर फुलपात्र आपटत.

पण सोलापुरातलं विणकराचं घर ते! पुढच्या सोप्यात तीन हातमाग. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आमच्याकडेही आडवं सूत घेऊन धोटे पळू लागत, आणि मग दिवेलागणीपर्यंत खळीचा आंबूस वास, ओल्या सुताचा गारवा आणि तो अखंड खडखडाट... त्यात भिंतीवर आपटणाऱ्या फुलपात्राचा काय पाड लागणार? गिरणीचा भोंगा अख्ख्या गावाला ऐकू जाई आणि माझ्या वडिलांची हाक दहा पावलांवर पोचत नसे, याचा मला विलक्षण संताप यायचा. मी अकरा वर्षांची होते. गिरणीच्या भोंग्यावरही रागवायचं वय ते.

वैशाखातल्या एका दुपारी त्यांच्या उशाचा तांब्या लवंडला. अण्णा फुलपात्र आपटत राहिले. आई, काका आणि एक गडी मागांवर, मी अंगणात रहाटावर कांड्या भरत बसलेली. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणं हे आमच्या घरात पोरींचं काम. भाकरीच्या वेळी आई आत गेली तेव्हा अण्णा कोरड्या ओठांनी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते रागावले नाहीत. मात्र त्या दिवसापासून त्यांनी फुलपात्र आपटणं सोडून दिलं. दिलं तर पाणी पीत, विचारलं तर मान हलवत. एके काळी तीन मागांवर हुकूम सोडणारा माणूस आता काही मागतच नाही, हे मला त्यांच्या खोकल्याहून भयंकर वाटलं... आणि मी हट्टाला पेटले.

स्टेशनच्या वाटेवर बशीरचाचांची टपरी होती. तरुणपणी त्यांनी रेल्वेच्या तारेचे खांब उभारले होते; आता सायकली आणि बॅटऱ्या दुरुस्त करत. टपरीत विजेवर वाजणारी एक जुनी घंटा होती. तिचा आवाज कसल्याही गोंगाटाला भेदून जाई. मी विचारलं, "चाचा, अशी घंटा घरी करता येती का?"

"येती की बेटी. पन सबुरी पायजे."

सबुरी माझ्याकडे नव्हती, हट्ट होता. चाचांनी मेलेल्या बॅटऱ्या फोडून आतल्या कोळशाच्या काळ्या कांड्या आणि जस्ताची टरफलं दिली. कांडीभोवतीची काळी पूड चिंधीत बांधून तिच्यासकट लोणच्याच्या बरण्यांत ठेवायला सांगितली; जस्त घालून वर नवसागराचं पाणी ओतलं की वीज तयार होते, म्हणाले. नवसागर कल्हईवाल्याकडून मागून आणला. बरण्यांतून नाकाला झोंबणारा वास यायचा, आणि आजही भांड्यांना कल्हई होताना तो आला की माझं मन थेट त्या बरण्यांपाशी जातं. लोहाराने एक जाड सळई घोड्याच्या नालासारखी वाकवून दिली; तिच्यावर तार गुंडाळून वीज सोडली की तीच लोहचुंबक होणार होती. चाचांकडच्या जळक्या पंख्यातली तांब्याची तार मिळाली, पण तिच्यावरचं सूत जळून गेलेलं. उघडी तार गुंडाळून चालत नाही, म्हणाले. सुताला काय तोटा? साड्यांच्या काठाचं उरलेलं लाल आणि पिवळं सूत मी पसरल्या हातांनी मोजत, वाव-दोन वाव करत त्या तारेवर चढवलं, वर मेण चोळलं. शाळेतून आल्यावर रोज हेच... महिना गेला. बोटं हिरवट काळी झाली.

"आता दोन पोकळ कांड्यांवर तार भर आन नालाच्या दोन पायांत घाल," चाचा म्हणाले. "एक सीधी लपेट, दुसरी उलटी. भुलू नकोस."

इथेच मी माती खाल्ली. विणकराच्या घरात उलटी कांडी! ती धोट्यात अडकते, सूत तुटतं, माग थांबतो. लहानपणी मी एकदा उलटी भरली होती तेव्हा अण्णांनी ती पूर्ण उलगडायला लावली होती आणि पाठीत धपाटाही घातला होता. चाचांना तारांमधलं कळतं, कांड्यांमधलं काय कळणार, असं मी मनाशी ठरवलं आणि दोन्ही कांड्या, एक लाल तारेची आणि एक पिवळ्या, सुलट, सुबक, एकसारख्या भरल्या.

घंटा वाजली नाही. नालाने ओढून घ्यायची ती टोला लावलेली टिनाची पट्टी नुसती थरथरायची आणि निपचित व्हायची. नवसागर वाढवला, पट्टी बदलली, टोकं घासली... काका म्हणाले, "पोरीला लई याड लागलंय." शेवटी एका दुपारी मी तो सगळा पसारा घेऊन अण्णांच्या अंथरुणाशी बसले आणि मला रडू कोसळलं.

त्यांनी हात पुढे केला. दोन्ही कांड्यांवरून अंगठा फिरवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दोनी सुलट हायत की. चाचांनी काय सांगितलं हुतं?"

"एक उलटी. पन तुमीच म्हणता न्हवं, उलटी कांडी भरायची न्हाय?"

अण्णा हसले, किती दिवसांनी हसले! "ते मागाला गं. ह्यो काय माग हाय व्हय?" मग भिंतीला टेकत उठून बसले. "रहाट आन हिकडं."

पिवळी तार त्यांनी उलगडली. जन्मभर सुलट भरलेला तो हात पहिल्यांदा अडखळला, दोनदा सवयीने सुलटच वळला. मग सावकाश, ओठ घट्ट मिटून, त्यांनी उलटी कांडी भरली. वेढ्याला वेढा लागून. पुढे मला समजलं की दोन्ही सुलट वेढे एकमेकांचा जोर मारत होते आणि एका कांडीच्या तारेची टोकं अदलाबदल केली असती तरी भागलं असतं. ते तेव्हा ठाऊक नव्हतं, हे माझं केवढं भाग्य!

सोप्यात घंटेच्या टोल्याखाली मी तेच पोचे पडलेलं फुलपात्र उपडं टांगलं आणि तार मधल्या खोलीत नेऊन कळ अण्णांच्या हाताशी ठेवली. त्यांनी ती दाबली. असा काही कर्कश खणखणाट उठला की तिन्ही माग एकदम थांबले. आई धावत आली. "काय पायजे?"

"पानी," अण्णा म्हणाले.

साधं पाणी... पण ते त्यांनी मागितलं होतं. मी दाराआड उभी राहून पुन्हा रडले.

पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले. बरण्यांत पुन्हा लोणचं पडलं, जस्त विरून गेलं, फुलपात्र कुठल्याशा मोडीत गेलं. माझ्या ट्रंकेत आता त्या दोन कांड्या तेवढ्या उरल्या आहेत. लाल माझी, पिवळी अण्णांची. उभ्या हयातीत त्यांनी हजारो कांड्या भरल्या असतील. त्या सगळ्या कापडात गेल्या, कापड लोकांच्या अंगावर गेलं आणि विरलं. राहिली ही एकच, उलटी.