दोरीवरचे न हलणारे बिंदू

हिंगोली जिल्हा नवा होता आणि शाळाशाळांत एकेक संगणक येऊन पडला होता. आमच्या शाळेतल्या संगणकाचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि मग त्याच्यावर फुलाफुलांचं आवरण चढलं ते चढलंच. मी विज्ञान शिकवायचो. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या, शाळेत कुणी नसताना आवरण काढून, त्या संगणकापुढे घालवून मी एक चलचित्र तयार केलं. दोरीच्या दोन्ही टोकांकडून लाटा येतात, एकमेकींत मिसळतात, सगळी दोरी हेलकावे खाते आणि मधले काही बिंदू मात्र जागचे हलत नाहीत. फळ्यावर हे दाखवता येत नाही. फळ्यावर सगळंच स्थिर असतं.

चित्र तयार झालं तेव्हा कुठं खरी तकलीफ सुरू झाली. ते साठवायचं कोणत्या प्रकारात? जसंच्या तसं ठेवलं तर रेघ केसासारखी स्वच्छ. पण फाईल एवढी थोराड की सीडीत मावेना. जिफ नावाच्या प्रकारात रंग मोजके, रेघ शाबूत. पण बघायला संगणक हवा आणि संगणक आवरणाखाली. व्हीसीडी मात्र कुठंही चालली असती, कारण लग्नाच्या सीड्या बघायला गावोगाव प्लेअर होते. तिच्यात चित्र आवळून बसवतात, बारीक रेघ फाटते. म्हणून मी रेघ जाड केली, मागची बाजू कोरी ठेवली आणि व्हीसीडी निवडली. ते बिंदू पोरांना दिसले पाहिजेत, एवढंच मागणं होतं.

व्हीसीडी करायचं मशीन हिंगोलीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे होतं. त्यानं चित्र पाहिलं.

"सर, नुसती दोरीच हलून राहिली. नवरा न्हाई, नवरी न्हाई."

"तेवढंच पाहिजे."

"तुमी म्हणता तर तसं," तो म्हणाला. आवाजात दया होती.

सीडी हातात पडली ती थेट विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी. प्रदर्शन पुसेगावच्या शाळेत होतं, तिथं टीव्ही मांडला होता. शाली झाल्या, प्रमुख पाहुणे दोन असल्यामुळे भाषणंही दोन झाली. मग सीडी लागली. आधी गुलाबाच्या चौकटीतून पाहुण्यांची नावं फिरत आली. ती आमच्या हेडमास्तरांनी शूटिंगवाल्याला परस्पर कळवली होती. मग दोरी आली. आणि दोरीवर, वरून खाली, गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या. त्या शूटिंगवाल्याला कोरी जागा बघवली नव्हती.

व्हीसीडीत एका सेकंदाला ठरावीकच माहिती मावते. ती सगळी जागा पाकळ्यांनी खाल्ली. पाकळ्या उत्तम आल्या. दोरीचे चौकोनी तुकडे झाले, आणि जे बिंदू हलायला नको होते तेच सगळ्यांत जास्त थरथरत होते.

"विज्ञान इतकं सुंदर असतं, हे आज कळलं," एक पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात मोकळेच होते.

पाहुणे चहाला गेले तेव्हा मी त्या शाळेच्या संगणकावरचं आवरण काढलं आणि पिशवीतली दुसरी सीडी घातली. तिच्यात जिफ होती. दहावीची पोरं भोवती जमली. दोरी संथपणे, पण अखंड हलू लागली.

"ह्याच्यात फुलं न्हाईत का, सर?"

"न्हाईत."

अर्धी पोरं टीव्हीकडे परत गेली. उरलेल्यांतल्या एका मुलीनं काचेवर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"सर, इथं दोरी काहून हलून न्हाई राहिली?"

"मशीन अटकलं असंल," मागून एक जण म्हणाला.

"अटकलं असतं तर बाजूचं कसं हलून राहिलं, येड्या?" ती म्हणाली.

तेवढ्यात शिपाई दारात आला. पाहुण्यांबरोबर फोटो होता, हेडमास्तर बोलावत होते. "तुमी व्हा पुढं," मी त्याला म्हणालो, आणि त्या मुलीसाठी शेजारी खुर्ची ओढली.