दुकान वाढवलं

आमच्या घरात दुकान ‘बंद’ झालेलं मी कधी ऐकलं नाही. घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कापडाचं दुकान होतं. संध्याकाळी फळ्या लावताना ते म्हणत, चला, दुकान वाढवू. लहानपणी एकदा मी ‘बंद करा ना आता’ म्हणाले, तर रात्रीच्या जेवणापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. अभद्र शब्द तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा कायदाच होता. आईची बांगडीसुद्धा आमच्याकडे फुटत नसे, वाढत असे.

हे सगळं पक्कं ठाऊक असलेली मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात कापडाचं तंत्रज्ञान शिकायला गेले. नव्वदनंतरची ती वर्षं. जो तो बाजार उघडला, बाजार वाढला म्हणत होता, आणि मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. दर पत्रात आप्पांना शहाणपण शिकवायची. धोतरजोड्या किती दिवस विकणार, रेडीमेड ठेवा, शेजारचा गाळा घ्या, दुकान वाढवा. हाच शब्द लिहायची मी. अक्षरं मराठी होती, डोकं मात्र वर्गातल्या इंग्रजीत चाललं होतं. ते वाचून आप्पांना काय वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

दर रविवारी सकाळी मी वसतिगृहाच्या जिन्याखालच्या फोनवरून गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावायची. तिकडे दुपार झालेली असे आणि आप्पा आधीच येऊन बसलेले असत. दोन-तीन मिनिटांत थंडी, जेवण आणि अभ्यास उरकायचा. बूथवर चार लोक ऐकत असायचे, त्यामुळे ते फार काही बोलत नसत. त्या रविवारी त्यांचा आवाज बारीक येत होता. मी लाइनीला दोष दिला.

ते म्हणाले, “माय, सोमवारी दुकान वाढवलं बग.”

सोमवार म्हणजे महादेवाचा वार, चांगला मुहूर्त साधला म्हणून मला कोण आनंद झाला. शेवटी ऐकलंत माझं, असं मी त्यांना ऐकवलंसुद्धा. शेजारचा गाळा घेतला का, काउंटर नवा केला का, मी विचारत सुटले. मग ते इतकंच म्हणाले, “हं. समदंच वाढवलं. तू नीट ऱ्हा.” पुढचा आठवडाभर मी वर्गात सगळ्यांना सांगत होते, की माझ्या वडिलांनी व्यवसायाचा विस्तार केला.

तीन महिन्यांनी काकांचा फोन आला. आप्पा गेले होते. आमच्यात जंगमांच्या हातून विधी होऊन त्याच दिवशी माती देतात. मी पोचले तेव्हा पाचवा दिवस होता. नव्या दुकानात आता कोण बसतं, असं मी आईला विचारलं. “कसलं नवं दुकान?” ती म्हणाली. मग तिने सांगितलं. पोटाचं दुखणं होतं, लातूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. गादीवर तासभर बसवेना, म्हणून आप्पांनी उरलेला माल व्यापाऱ्याला परत देऊन गाळा सोडला होता.

मी चिडले, आईवर, त्या दिवसांत. कळवलं असतं तर पहिल्या विमानाने आले असते, म्हणाले. आलेही असते. तीन महिने त्यांच्याजवळ बसता आलं असतं, त्याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता.

आईने माझं सगळं ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “सांगायलाच गेलते की ते त्या रविवारी. परत आले तर मी इचारलं, पोरगी कदी येती म्हनली? तर म्हनले, ती आपली बोली इसरायला लागली. लई चांगलं झालं, तिकडं रमली म्हनायची. आता तिला बोलवू नगंस.”